माणदेश कुठून कुठवर?

आज आपण एका शब्दाबद्दल बोलू. रोज तोंडात असतो तो आपल्या: माणदेश. सरकारी नकाशात बघायला गेलं तर माण तालुका सापडतो, माणदेश कुठंच नाही.

हे नाव नदीनं दिलंय. माण नदी, म्हणजे आपली माणगंगा, कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते. दहिवडी, म्हसवड करत आटपाडी आणि सांगोला तालुक्यांतून जाते आणि पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा मुलूख तो माणदेश. इथं देश म्हणजे भारत देश नव्हे बरं का. पूर्वी परगण्यालाही देश म्हणत. देशमुख, देशपांडे त्यातूनच आले.

नाव जुनं असावं. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या ताम्रपटांत मानपूरच्या राष्ट्रकूट राजांचा उल्लेख येतो. हे मानपूर म्हणजे आपला माण, असं संशोधक वा. वि. मिराशी यांचं मत. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही.

राज्यकर्त्यांनी मात्र या मुलखाचे तुकडेच केले. इंग्रजांच्या अमलात माण तालुका साताऱ्यात, सांगोला सोलापुरात आणि आटपाडी औंध संस्थानात. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचंच नाव पुढं सांगली.

म्हणून तर आमच्या गटांनी चटणीच्या पाकिटावर ‘माणदेशी’ छापायचं ठरवलं, तेव्हा आटपाडीकडच्या सख्या बिचकल्या. "आम्ही सांगली जिल्ह्यातल्या, नाव तुमचं, आमचा माल त्यात कसा चालंल?" गट वेगळे करायची भाषा सुरू झाली. आम्ही म्हटलं, अहो ताई, ‘माणदेशी माणसं’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे! १९४९ सालचं ते पुस्तक. सिद्धनाथ म्हसवडला आहे, तसा खरसुंडीलाही आहे. खिल्लार बैल बाजारात नेताना कुणी जिल्हा विचारतं का?

दुसरी अडचण खरी होती. बाहेर माणदेश म्हटलं की लोकांना दुष्काळच आठवतो. कुणी म्हणालं, अशा नावानं गिऱ्हाईक येईल का? आम्हाला वाटतं, येईल. कमी पाण्यावरची बाजरी, मटकी, मेंढीच्या लोकरीचं घोंगडं, हे सगळं त्याच कोरड्या रानाचं आहे. लपवायचं कशाला?

पाकिटावर आता ‘माणदेशी’ मोठ्या अक्षरात, खाली ज्या त्या गावाचं नाव. तुमच्याकडची जुनी माणसं माणदेशाची शीव कुठवर सांगतात ते विचारून ठेवा. पुढच्या वेळी तेच ऐकवू.