दिवा घरचा, हुकूम कुणाचा?

पूर्वी घरातला दिवा लागला नाही, तर तपासायच्या गोष्टी चार-पाचच असत. आधी शेजारच्या खिडकीत उजेड आहे का, ते पाहायचे. असेल तर बल्ब काढून कानाशी हलवायचा आणि आतली तार तुटल्याची किणकिण ऐकायची. मग होल्डर, मग बटन, आणि शेवटी स्टुलावर चढून फ्यूज. घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही हा क्रम पाठ असे. आता बल्ब शाबूत असतो, वीज असते, बटन चालू असते. तरी दिवा लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ एवढा एक शब्द येतो, आणि घरातली जाणती माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.

धंतोलीत हे चित्र आता नवे नाही. जुन्या बंगल्यांची, वकील-डॉक्टरांची ही वस्ती. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, इमारतींत दवाखाने आले, आणि वरच्या मजल्यांवर राहिली ती मुख्यतः साठीपुढची जोडपी. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत. दिवाळीत येतात तेव्हा मोठ्या हौसेने ‘स्मार्ट’ दिवे लावून देतात, घरभर वाय-फाय पोचावे म्हणून तीन डब्यांचे ‘मेश’ जाळे बसवतात आणि आठवड्याने परत जातात. दिवे महिनाभर शहाण्यासारखे वागतात. मग एकेक रुसू लागतो. वायरमन येऊन टेस्टर लावतो आणि म्हणतो, “काकाजी, करंट बराबर येऊन राहिला. नेटचं पाहा.” नेटवाला येतो आणि म्हणतो, “नेट फुल चालून राहिलं. दिव्यातच खराबी असन.” दोघेही खरे बोलत असतात. बिघाड दोघांच्या मधल्या जागेत असतो, आणि त्या जागेचा कारागीर अजून आपल्या गल्लीत तयार व्हायचा आहे. तोवर आपणच थोडे समजून घेतलेले बरे.

हे दिवे रेडिओ लहरींवर बोलतात. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशाच अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती. आज तीच करामत आपण स्वयंपाकघरातल्या दिव्यासाठी वापरतो. घरातले वाय-फाय दोन पट्ट्यांवर चालते. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्याच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, लांबी त्याच्या निम्म्याहून कमी. पहिला हळू, पण भिंती ओलांडणारा. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे दमणारा. मोबाइलला दोन्ही भाषा येतात. बहुतेक स्मार्ट दिव्यांना फक्त पहिली येते.

इथेच पहिली गाठ पडते. मेशचे डबे दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे बसवायचे, हे स्वतः ठरवतात. एवढेच नव्हे, तर एखादे उपकरण दूरच्या डब्याला चिकटले आहे असे वाटले, की ‘तू जवळच्या डब्याकडे जा’ असा इशाराही देतात. खिशात घेऊन फिरण्याच्या मोबाइलसाठी ही सोय उत्तम. पण दिवा छताला टांगलेला! तो कुठे जाणार? त्याच्या पोटातली स्वस्त चिप या इशाऱ्याने गोंधळते, जुना धागा सोडते आणि नवा पकडत नाही.

दुसरी गाठ गर्दीची. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे, त्यामुळे त्यावर सगळ्यांचीच वर्दळ. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच मानतात: १, ६ आणि ११. दवाखाने, औषधांची दुकाने आणि वरखालची बिऱ्हाडे या तीन वाटांवरून बोलत असतात. घरचा मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही त्याच पट्ट्यात कुजबुजतो. त्यात जुन्या बंगल्यांच्या दीड-दीड फुटी विटांच्या भिंती, फ्लॅटमधल्या सळ्यांचे स्लॅब, आणि नागपुरी उन्हाळ्यात खिडकीत बसलेला पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकते. फेब्रुवारीत नीट चालणारा दिवा एप्रिलमध्ये तुटक वागू लागला, तर वाटेत कूलर तर आला नाही ना, ते पाहावे.

तिसरी गाठ लाईट जाण्याची. वीज परत येते तेव्हा दिवा काही सेकंदांत जागा होतो. राउटरला मात्र जागे व्हायला काही मिनिटे लागतात. दिवा हाका मारतो, उत्तर येत नाही, आणि काही दिवे कंटाळून हाका मारणेच सोडतात.

उपाय अवघड नाहीत. क्रम मात्र सोडू नये. बँकेत ताळा जुळत नसला, की आम्ही एकेक नोंद टिक करत जात असू. सगळी पाने एकदम उलटली तर जुना फरक सापडत नाही, नवा मात्र तयार होतो. तसेच इथे एका वेळी एकच बदल करून दोन दिवस थांबावे. आधी २.४ च्या पट्ट्याला वेगळे नाव द्यावे आणि दिवे फक्त त्यावर जोडावे. ‘फास्ट रोमिंग’ बंद करावे. वाट आपोआप बदलू न देता तिघांपैकी कमी गर्दीची एक ठरवून द्यावी. पासवर्डची पद्धत डब्ल्यूपीए-२ ठेवावी; तिसरी आवृत्ती बऱ्याच दिव्यांना कळत नाही. राउटर आणि त्याचे सगळे डबे इन्व्हर्टरवर घ्यावेत. ॲपमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचे’ असा पर्याय असेल तर ‘आधीच्या स्थितीत’ निवडावे, नाहीतर रात्री दोनला लाईट आल्यावर सगळे घर लखलखते. आणि दिवा पितळी किंवा पत्र्याच्या बंद शेडमध्ये असेल, तर त्याला बाहेर काढावे.

काही दिवे वाय-फायवर नव्हे, तर ‘झिगबी’ नावाच्या पद्धतीवर चालतात. त्यांचे वागणे मला फार मानवी वाटते. त्यात प्रत्येक दिवा शेजारच्याचा निरोप पुढे पोचवतो. आपण वीज वाचवायच्या सवयीने जिन्यातल्या दिव्याचे बटन बंद केले, की त्याच्या आधाराने बोलणारा गच्चीवरचा दिवाही मुका होतो. वाड्यातले एक बिऱ्हाड उठून गेले की मागच्या बिऱ्हाडाची खबरबात थांबते, तसे.

पण खरा प्रश्न या गाठींच्या पलीकडे आहे. अनेक दिव्यांना मिळणारा हुकूम आपल्या मोबाइलमधून सरळ त्यांच्याकडे जात नाही; तो कुठल्या तरी दूरदेशीच्या संगणकाला वळसा घालून येतो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे असे संगणक अचानक बंद पडले, आणि ग्राहकांच्या घरची धडधाकट यंत्रणा एका रात्रीत अर्धी पांगळी झाली. पुढे काही ग्राहकांनीच कंपनी विकत घेऊन ती पुन्हा उभी केली, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी ‘मॅटर’ नावाचा एक सामायिक करारही आला. तो पाळणारे दिवे घरातल्या घरात हुकूम घेऊ शकतात. म्हणून नवा दिवा घेताना रंग किती, हे विचारण्याआधी ‘इंटरनेट बंद असताना हा चालेल का?’ हे विचारावे.

कारण उजेड ही हौसेची वस्तू नाही. पंचाहत्तरीची आजी रात्री तीनला न्हाणीघराकडे निघते, तेव्हा चष्मा उशाशी राहिलेला असतो आणि मोबाइल चार्जिंगला. तिचा हात अंधारात भिंतीवरून सरकत पन्नास वर्षांच्या सवयीने बटनाशी पोचतो. त्या बटनावर ‘हात लावू नये’ अशी चिकटपट्टी लावणारी आधुनिकता काय कामाची? मुलांनी दुरून दिवे लावावेत, विझवावेत. त्यात मायाही आहे. आई-बाबा उठले का, हे कधीकधी सातासमुद्रापलीकडे त्या दिव्यावरूनच कळते. पण जिना, न्हाणीघर आणि देवघर या तीन जागी साधा दिवा आणि साधे बटन राहू द्यावे. घरातल्या सर्वात थकलेल्या हाताला जो दिवा ओळखतो, तोच खरा शहाणा दिवा.