गादी सोडावी, पण स्वेच्छेने

दिवाळीच्या वहीपूजनाला घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या हातून नव्या वहीवर पहिले अक्षर लिहून घेण्याची रीत अनेक व्यापारी कुटुंबांत आजही पाळली जाते. मात्र पंधरा दिवसांनी त्याच वडीलधाऱ्यांनी एखाद्या खात्याची उधारी विचारली, तर ‘बाबा, तुम्ही आता आराम करा’ असे उत्तर मिळते. बोलण्यात माया असते, अवमानाचा हेतू नसतो. तरीही त्यात एक निवाडा दडलेला असतो: वय झाले म्हणजे समज उतरली. हा निवाडा कितपत खरा, हे प्रत्येक पेढीने तपासून पाहावे.

केवळ वयावरून माणसाविषयी मत ठरवण्याच्या वृत्तीला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये स्वतंत्र नाव दिले. त्यानंतरच्या संशोधनातून जे चित्र उभे राहते, ते दुहेरी आहे. वयोमानाने आठवणीचा आणि नवी माहिती हाताळण्याचा वेग मंदावतो, हे खरे. परंतु माणसाची पारख ही निराळी शक्ती आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस हेस यांच्या अभ्यासांत असे दिसले की, अपरिचित व्यक्तीविषयी मत बनवताना ज्येष्ठ मंडळी किरकोळ तपशिलांपेक्षा तिचा स्वभाव उघड करणाऱ्या वर्तनाला अधिक महत्त्व देतात. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला नाही, हे ओळखताना हीच पारख उपयोगी पडते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मनात आपोआप उमटणारे जुने ठसे आवरून धरण्याची शक्ती उतारवयात कमी होत जाते, असे विल्यम फॉन हिप्पेल यांच्या संशोधनातून पुढे आले. ‘अमुक गावचा व्यापारी बुडवाच’, ‘सुनेला हिशेबातले काय कळणार’, ‘आजकालच्या मुलांना कष्ट नकोत’ अशी वाक्ये म्हणूनच चटकन ओठांवर येतात. धाकट्यांनी वडिलांना एका शिक्क्याखाली टाकावे आणि वडिलांनी धाकट्यांना दुसऱ्या, हा दोन्हीकडचा एकांत झाला. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला तो शोभत नाही.

याहून घातक म्हणजे माणसाने स्वतःवरच मारलेला शिक्का. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातील पन्नाशी ओलांडलेल्या ६६० व्यक्तींच्या नोंदी तपासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले होते. एवढ्यावरून दृष्टी हेच दीर्घायुष्याचे कारण, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण दोहोंचा संबंध दुर्लक्षावा असाही नाही.

आता प्रश्न अधिकाराचा. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना खोलीची मांडणी स्वतः ठरवू दिली आणि निवडलेल्या रोपट्याला पाणी घालण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण सारी काळजी सेवकांनी घेतली. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक तरतरीत आणि आनंदी दिसू लागले. सेवा दोन्हीकडे होती. फरक केवळ निर्णयाचा होता.

व्यापारी कुटुंबात हा निर्णय बहुधा कागदावर येऊन ठेपतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि मृत्यूनंतरच अमलात येते. बक्षीसपत्राने मात्र मालकी लगेच दुसऱ्याकडे जाते. मायेच्या भरात सर्वस्व लिहून देणाऱ्यांनी हा भेद नीट जाणावा. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यातील कलम २३ नुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. म्हणून अट लेखी आणि स्पष्ट असावी. त्यात मुलांवर अविश्वास नाही. चोख लिखापढी हा आपल्या व्यवहाराचा जुनाच धर्म आहे.

अधिकार सोडूच नये, असा याचा अर्थ नव्हे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. आठवी आरंभत्याग, म्हणजे उद्योग-व्यापार सोडणे, नववी परिग्रहत्याग, आणि दहावी अनुमतित्याग, म्हणजे संसारातील कामांना संमती देणेही सोडणे. हा क्रम मनन करण्याजोगा आहे. व्यापार आधी सुटतो, धन नंतर आणि ‘मला विचारा’ हा आग्रह त्याच्याही नंतर. मन तयार होईल तशी पायरी चढायची असते.

जे स्वतः सोडले जाते तो त्याग. जे हातातून काढून घेतले जाते ते केवळ नुकसान. मुलांनी म्हणून वडिलांकडे एखादे काम खरोखर सोपवावे: जुन्या गिऱ्हाइकांची खाती, दानधर्माचा हिशेब किंवा नव्या नोकराची पारख. त्यात त्यांचा शब्द अखेरचा मानावा. वडिलांनीही कोणती जबाबदारी केव्हा सोडणार, हे आपणहून सांगून ठेवावे आणि सोडल्यावर मागे वळून किल्ल्या मोजू नयेत.