सायीएवढ्या पापुद्र्यावर उभे असलेले पाणी

अबू धाबीत नळ सोडला की पाणी येते, आणि ते समुद्रातून आले आहे याचा विसर नवागताला दोन-चार आठवड्यांतच पडतो. अबू धाबीहून दुबईकडे येताना किनाऱ्यालगत अल तवीला येथे आरओ पद्धतीचा महाकाय प्रकल्प आहे. दिवसाला सुमारे ९ लाख घनमीटर पाणी गोडे करण्याची त्याची क्षमता. पंप, नळ्या, वीज हा सारा पसारा ज्यासाठी मांडलेला आहे, तो पॉलिअमाइडचा थर मात्र जेमतेम १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या चारशेव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो.

हे पॉलिअमाइड नायलॉनच्याच कुळातले. अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात ते पटलावर चढवण्याची युक्ती सिद्ध केली. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र आणायचे. त्यांच्या सीमेवर, दुधावर साय धरावी तसा, पॉलिमरचा पापुद्रा धरतो. साठ-सत्तर बार दाबाखाली पाणी त्यातून पार होते, क्षार मागे राहतात.

खरी अडचण पृष्ठभागाची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हा पापुद्रा डोंगर-दऱ्यांसारखा खडबडीत दिसतो, आणि जिवाणूंना असे कोपरे फार मानवतात. त्यांना मारायला क्लोरीन घालावा, तर क्लोरीन पॉलिअमाइडच तोडतो. म्हणून आधी घातलेला क्लोरीन पटलापाशी पोहोचण्यापूर्वी काढून टाकावा लागतो. नेमक्या मोक्याच्या जागी पहारा उठतो, म्हणा ना! त्यात आखाताचे पाणी उबदार आणि लिटरमागे ४०-४५ ग्रॅम क्षारांचे. महासागरात हेच प्रमाण ३५च्या आसपास असते. २००८-०९ मध्ये सूक्ष्म शैवालांच्या ‘लाल भरती’ने अमिरातीतील काही प्रकल्प बंद पाडले होते.

त्यामुळे संशोधकांचा रोख आता पापुद्रा बदलण्यापेक्षा त्याच्या कातडीवर संस्कार करण्याकडे आहे. एक मार्ग म्हणजे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवणाऱ्या पॉलिमर-साखळ्या पृष्ठभागावर रोवणे. पाण्याचाच थर आडवा आला की जिवाणूंना टेकायला जागा उरत नाही. दुसरा मार्ग कोकणी माणसाला ओळखीचा वाटावा. लाटांच्या माऱ्यातही खडक न सोडणाऱ्या शिणाण्यांच्या चिकट द्रव्यावरून पॉलिडोपामीनचा लेप सुचला. तो जवळजवळ कशावरही बसतो आणि पुढच्या लेपांना पाया देतो.

अबू धाबीच्या मसदर संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेली कल्पना मला सर्वांत विलक्षण वाटते. ही संस्था पुढे खलिफा विद्यापीठात विलीन झाली. त्यांनी कार्बनच्या नॅनोरचना वापरून पटलच विद्युतवाहक केले. ठरावीक अंतराने त्यातून प्रवाह सोडला की पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि साचलेला मळ उचकटून निघतो. पटल काढायला नको, रसायन ओतायला नको.

प्रयोगशाळेतला तुकडा तळहाताएवढा असतो, हे मात्र विसरू नये. प्रकल्पातल्या एकेका नळकांड्यात सुमारे ३७ चौरस मीटर पटल गुंडाळलेले असते, आणि अशी हजारो नळकांडी. त्या साऱ्या घड्यांत वीज सारखी पोहोचवणे हे कारखान्याचे काम आहे, शोधनिबंधाचे नव्हे.

मुंबईत मनोरी येथे दिवसाला २० कोटी लिटरचा असाच प्रकल्प कित्येक वर्षे प्रस्तावित आहे. तिथला समुद्र आखाताइतका खारट नाही, पण गढूळ आहे. तेव्हा इथे घडवलेली कातडी तिथे जशीच्या तशी चालणार नाही. मनोरीच्या पटलाला क्षारांइतकेच गाळाशीही झुंजावे लागेल.