लॉग सर्व्हरच पडला तर?

सर्व्हर का पडला, हे लॉगमध्ये शोधतात. पण लॉग गोळा करणारा मध्यवर्ती सर्व्हरच पडला तर? एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरसोबत सिसलॉग लिहिलं, तेव्हा या प्रश्नाला उत्तर नव्हतं. यूडीपीच्या ५१४ पोर्टवर संदेश सोडायचा आणि मोकळं व्हायचं. तो पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळायची सोयच नव्हती.

१९९८ साली खास राउटरसाठी व्हीआरआरपीचं मानक आलं आणि लॉगवाल्यांनीही पुढे ते आपलंसं केलं. सर्व्हर दोन, आयपी पत्ता सामाईक. मुख्य सर्व्हर दर सेकंदाला हजेरी देतो; तीन-चार सेकंद ती चुकली की दुसरा पत्ता आपल्याकडे ओढून घेतो. ज्या स्विच-फायरवॉलना फक्त यूडीपी येतं, त्यांच्यासाठी आजही हाच उपाय चांगला. मात्र ही हजेरी मशीनची असते. डिस्क भरून लॉगची प्रोसेस अडकली तरी मशीन हजेरी देतच राहतं. म्हणून व्हीआरआरपी चालवणाऱ्या कीपअलाइव्हडीमध्ये प्रोसेसची वेगळी तपासणी जोडावीच लागते.

१९९८ मध्येच हंगेरीच्या बालाझ शायडलर यांनी सिसलॉग-एनजी सुरू केलं, २००४ मध्ये जर्मनीच्या रायनर गेरहार्ड्स यांनी आरसिसलॉग. लॉग पाठवायला टीसीपी आला, आता काही हरवणार नाही असं वाटू लागलं. ते खरं नव्हतं. संदेश कर्नलच्या बफरमध्ये गेला की तो पाठवला असं धरलं जातं. नेमका तेव्हा पलीकडचा सर्व्हर मेला, तर बफरमधलं सगळं गेलं. हे दुखणं गेरहार्ड्स यांनी २००८ मध्ये स्पष्ट मांडलं. प्रत्येक संदेशाची पोच मागणारा त्यांचा रेल्प प्रोटोकॉल त्यावरचा इलाज. या सगळ्या वाटचालीतलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच.

आरसिसलॉगमध्ये फेलओव्हर, म्हणजे एक सर्व्हर पडला की दुसऱ्याकडे वळणं, दिसायला सोपा. दोन सर्व्हरसाठी दोन ॲक्शन एकाखाली एक लिहायच्या आणि पहिली निलंबित असेल तरच दुसरी चालवा, असं सांगायचं. फसगत होते ती क्यूपाशी. पहिल्या ॲक्शनला स्वतःची क्यू दिली, तर संदेश क्यूत पडला एवढ्यानेच ती यशस्वी ठरते. दुसरा सर्व्हर सज्ज असूनही त्याच्याकडे काहीच जात नाही. म्हणून दोन्ही ॲक्शन एकाच रूलसेटमध्ये ठेवून क्यू त्या रूलसेटला द्यावी, आणि तिला डिस्कवर उतरण्याची मुभा असावी. दोन्ही सर्व्हर बंद असताना संदेश टिकायचे, तर दुसऱ्या ॲक्शनचे प्रयत्नही अमर्याद हवेत.

भारतात हा विषय २०२२ मध्ये कायद्याच्या कक्षेत आला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिलच्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळणं बंधनकारक झालं आणि दुसऱ्या सर्व्हरचा खर्च मंजूर करून घेण्यासाठी ॲडमिनच्या हाती ठोस कारण आलं.

फेलओव्हरची चाचणी मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी सर्व्हिस थांबवूनच होते. तशी थांबवली की कनेक्शन रीतसर बंद होतं आणि पाठवणाऱ्याला लगेच कळतं. खरा बिघाड असा निरोप देऊन येत नाही. फायरवॉलवर लॉगच्या पोर्टची पॅकेटं गुपचूप टाकून द्यावीत, क्रमांक घातलेले संदेश सोडावेत आणि दोन्ही सर्व्हरवर मिळून कोणते क्रमांक गायब आहेत ते पाहावं.