अकरावीची शर्यत आणि दोन मापे



दहावीचा निकाल लागला की कर्जतच्या स्टेशनावर काय किंवा खोपोलीच्या बाजारात काय, पहिला प्रश्न ऐकू येतो, "किती टक्के पडले?" आणि लगेच दुसरा, "कोणत्या बोर्डाचे?" हा दुसरा प्रश्न आपल्या वडिलांच्या पिढीला ठाऊक नव्हता. आजचा विषय त्या दुसऱ्या प्रश्नाचाच आहे.

सरकारी शाळा विरुद्ध खाजगी शाळा, असे आपण सहज बोलून जातो. आपल्याकडे वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक ठिकाणी प्राथमिक वर्गांपुरत्याच आहेत. पुढे मूल जाते ते एखाद्या शिक्षणसंस्थेच्या अनुदानित विद्यालयात. म्हणजे संस्था खाजगी, परंतु शिक्षकांचा पगार सरकारचा. ठाकूर-कातकरी वाड्यांवरील मुलांना आश्रमशाळांचा आधार. आणि या सर्वांपासून वेगळ्या अशा, भरपूर फी घेणाऱ्या विनाअनुदानित इंग्रजी शाळा. त्यांतील काही राज्य मंडळाच्या, तर काही केंद्रीय मंडळांच्या. खरी तुलना होते ती या शेवटच्या दोन टोकांची.

आता अडचण कोठे येते ते पाहू. आपला मुलूख भाताचा, म्हणून दाखला भाताचाच देतो. एकाने पायली शिगोशीग भरून मोजली आणि दुसऱ्याने फळी फिरवून सपाट केली, तर दोघांच्या 'दहा पायली' सारख्या होतील काय? परीक्षामंडळांचे तसेच आहे. प्रत्येकाचा अभ्यासक्रम निराळा, शाळेने घरच्या घरी द्यावयाचे अंतर्गत गुण निराळे, बेरजेत किती विषय धरावयाचे तो नियमही निराळा. आणि अकरावीच्या दारात मात्र या साऱ्या पायल्या एकाच राशीत ओतल्या जातात.

हे भांडण न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली राज्य सरकारने निरनिराळ्या मंडळांचे गुण समान पातळीवर आणण्यासाठी 'पर्सेंटाइल'चे सूत्र काढले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. २००९ साली शेकडा नव्वद जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठी राखण्याचा निर्णय झाला. तोही टिकला नाही. २०१० साली सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण आले. उच्च न्यायालयाने ते अमान्य केले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते उचलून धरले. तेव्हापासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' हा शब्द घरोघर झाला.

माप बदलले की पीक किती बदललेले दिसते, याचे उदाहरण २०१९ सालचे. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. मुले एका वर्षात निर्बुद्ध आणि पुढल्या वर्षी बुद्धिमान झाली, असे कोण म्हणेल?

मग सर्वांची एकच प्रवेशपरीक्षा का नको, असे कोणी विचारील. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी तशी परीक्षा योजली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बारावीनंतर मात्र अभियांत्रिकीला सीईटी आणि वैद्यकीला नीट आहेच. तेथे बोर्डाचा भेद मिटतो, पण दुसरा भेद उभा राहतो: शिकवणीचा. कर्जतहून कल्याणला किंवा खोपोलीहून कर्जतमार्गे त्याही पुढे रोज लोकलने क्लासला जाणारा मुलगा फीबरोबर दिवसाचे कित्येक तासही मोजतो. ज्याच्या वाडीतून एसटीच धड मिळत नाही, तो मुलगा या शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंतही पोचत नाही.

अन्यत्र यावर काय उपाय झाले? अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ साली कायदा केला की, प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश मिळावा. म्हणजे मुलाची तुलना त्याच्याच शाळेतील सोबत्यांशी. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. दोन्ही उपायांमागील विचार एकच: गुण पाहताना ते कोणत्या परिस्थितीत मिळविले हेही पाहावे. यावर आक्षेप आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. चांगल्या शाळेत जाणे हा काही मुलाचा अपराध नव्हे.

आपल्या दाराशी आलेली गोष्ट सांगून संपवितो. २०२५ साली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. पूर्वी गावच्या कॉलेजच्या खिडकीशी जाऊन होणारे काम आता पसंतीक्रमावर होते. एक ते दहा कॉलेजे क्रमाने भरावयाची. आणि पहिल्या पसंतीचे मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून मूल बाद होते. नुसत्या नावाला भुलून दूरचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिणे महाग पडते ते असे. पसंती भरताना गाडीचे वेळापत्रक शेजारी ठेवावे.

ज्या घरात संगणक आहे आणि नियम वाचणारा बाप आहे, तेथे ही अडचण नाही. ज्या घरात दोन्ही नाहीत, त्या घरचे मूल पात्र असूनही मागे राहील. आणि ते कोणत्याही निकालात दिसणार नाही. न्यायालये आणि मंत्रालय यांचे काम त्यांनी करावे. परंतु प्रवेशाच्या त्या पंधरवड्यात वाचनालयाची एक खोली उघडी ठेवून चार शिकलेल्या माणसांनी तेथे बसावे आणि वाडीवरून आलेल्या मुलांचे अर्ज नीट भरून द्यावे, याला कोणाच्या हुकुमाची गरज नाही. आज येथे जमलेल्या श्रोत्यांपैकी चौघे जरी उठले, तरी माझे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.