सिगारची परीक्षा आणि तोंडाची परीक्षा

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. बारा वर्षांपूर्वी त्यांनी सिगारेट सोडली. ती सोडताना त्यांना किती त्रास झाला, हे मी जवळून पाहिले आहे. गेल्या वर्षी ते रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले, तेव्हा कपड्यांना तंबाखूचा वास आला. मी नुसते पाहिले. तेच हसून म्हणाले, ‘‘डॉक्टर, सिगारेट नव्हे, सिगार! मुलगा आखातात असतो, तो डबा पाठवतो. रात्री जेवणानंतर एक. वर्ष झाले. आणि सिगारचा धूर छातीत घ्यायचाच नसतो. नुसता तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि सोडून द्यायचा. मग अपाय कुठून होणार?’’

गुरुजींसारखा समज अनेकांचा आहे. सिगार म्हणजे शौक, सिगारेट-बिडी म्हणजे व्यसन, अशी आपण वाटणी करून टाकलेली असते. म्हणून आज सिगारची परीक्षा जाणकार कशी करतात आणि त्या परीक्षेतल्या प्रत्येक पायरीवर शरीराच्या वाट्याला काय येते, ते पाहू.

सिगार तयार कशी होते?

‘चिरूट’ हा शब्द आपल्याला नवा नाही. तो तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी, यावरून आला. परंतु हाताने वळलेल्या उंची सिगारचे माहेरघर मानले जाते ते क्युबा. त्या देशाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. तेथील वुएल्ता आबाहो या भागातील तांबडी माती तंबाखूसाठी जगप्रसिद्ध आहे.

तोडलेली पाने मोठ्या वखारीत दांड्यांवर टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात. हिरवे पान पिवळे आणि मग तपकिरी होते. नंतर पानांच्या थप्प्या रचून ती आंबवतात. थप्पीच्या पोटात उष्णता वाढते, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पानाचा कडवट तिखटपणा कमी होतो. यानंतर पाने कित्येक महिने, काही वेळा वर्षानुवर्षे मुरवतात.

सिगारचे तीन भाग असतात. आत भरायची पाने, ती बांधून ठेवणारे पान आणि सर्वांत वरचे आवरणाचे पान. आवरणाचे पान नितळ, पातळ आणि बिनडागाचे लागते. म्हणून त्याची रोपे शेतावर कापड ताणून सावलीत वाढवतात. आत भरायची पानेही निवडून घेतात. झाडाच्या खालच्या भागातील पान चांगले जळते, मधल्या भागातील पान सुवास देते. शेंड्याकडच्या पानाला सर्वांत जास्त ऊन मिळते. ते जाड, सावकाश जळणारे आणि सर्वांत कडक असते. कारागीर अर्धचंद्राकृती पात्याने पान कापतो आणि हातानेच सिगार वळतो. काम चालू असताना कारागिरांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या वाचून दाखवण्याची प्रथा क्युबातील कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या प्रसिद्ध सिगारचे नाव अशाच वाचनातल्या एका फ्रेंच कादंबरीवरून पडले.

कारागिरी मोठी आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ती कारागिरी कशासाठी आहे?

जाणकार परीक्षा कशी करतात?

परीक्षा डोळ्यांपासून सुरू होते. आवरणाच्या पानावर हलका तेलकट तजेला हवा, जाड शिरा नकोत, रंग सगळीकडे सारखा हवा. मग सिगार बोटांत हलकेच दाबून पाहतात. कुठे दगडासारखी घट्ट लागली तर धूर ओढला जाणार नाही. कुठे पोकळ लागली तर ती भराभर आणि गरम जळेल. मग न पेटवता वास घेतात. बंद टोक कापून कोरडाच एक झुरका ओढून पाहतात.

त्यानंतर दुसरे टोक ज्योतीवर फिरवत सावकाश पेटवतात. साधारण मिनिटाला एक झुरका घ्यायचा, त्याहून घाई केली तर सिगार तापते आणि चव कडू होते. धूर तोंडात घोळवायचा, जिभेवर, टाळूवर, गालांच्या आतून फिरवायचा. काही जण थोडा धूर नाकावाटे सोडतात, कारण चवीचा मोठा हिस्सा वासाचाच असतो. सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येक भागातली चव वेगळी नोंदवतात. कॉफी, कोको, चामडे, मिरी, भाजलेले दाणे, ओली माती असे शब्द वापरतात. राख किती वेळ टिकते, कड सारखी जळते की वाकडी, हेही पाहतात.

अमेरिकेत १९९२ साली ‘सिगार अफिशिओनाडो’ नावाचे मासिक निघाले. त्याने १०० गुणांची पद्धत लोकप्रिय केली. नावाची पट्टी काढून परीक्षकांना सिगार द्यायची आणि रूप व बांधणी, जळणे, चव व एकूण परिणाम यांवर गुण द्यायचे. ९० च्या वर गुण म्हणजे उत्तम. बघा, शंभर गुणांच्या या हिशेबात ओढणाऱ्याच्या तोंडाचे काय झाले, यासाठी एकही गुण नाही. तो हिशेब आता आपण मांडू.

धूर तोंडातच ठेवला तर?

आपल्याकडे तंबाखू मळताना चुना का लावतात, याचा कधी विचार केला आहे? नुसती तंबाखू दाढेखाली धरली तर तेवढी लागत नाही. चुन्यामुळे ती अल्कधर्मी होते आणि निकोटिन मोकळे होऊन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात शिरते.

सिगारचेही नेमके असेच आहे. सिगारेटचा धूर बहुधा आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटिन मुख्यतः फुप्फुसांतूनच रक्तात जाते. हवेत वाळवून आंबवलेल्या सिगारच्या तंबाखूचा धूर मात्र अल्कधर्मी असतो. सिगारचा चुना तिच्या धुरातच असतो म्हणा ना! म्हणून धूर छातीत न घेताही निकोटिन रक्तात पोहोचते आणि सवय जडते. काही जण सिगार न पेटवता नुसती ओठांत धरून चघळतात. त्यांनाही लाळेवाटे निकोटिन मिळतेच.

निकोटिनचे प्रमाणही लहान नाही. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ती ५ पासून १७ ग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे काही सिगारींत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असते. जाणकार नवख्याला सांगतात, की उपाशीपोटी कडक सिगार ओढू नकोस, मळमळ होईल, घाम फुटेल, चक्कर येईल. ते ज्याला ‘कडकपणा’ म्हणून दाद देतात, तो बहुतांशी हा निकोटिनचा मारा असतो.

मुरलेल्या चवीची किंमत

आंबवल्याने चव मुरते, हे खरे. पण तंबाखू वाळवताना व आंबवताना तिच्यात नायट्रोसामाईन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. सिगारेटपेक्षा सिगारच्या धुरात ती जास्त आढळतात. आवरणाचे पान घट्ट असते, त्यातून हवा कमी खेळते, त्यामुळे तंबाखू अर्धवट जळते. अर्धवट जळण म्हणजे काय, हे ओल्या लाकडांची चूल फुंकलेल्या आपल्या माता-भगिनींना सांगायला नको. डांबरासारखा चिकट अंश आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू त्यातून अधिक निघतो. एक मोठी सिगार तासाहून अधिक वेळ जळते. तेवढा वेळ बंद खोलीत बसलेली बायको, नातवंडे हेही न मागता तो धूर घेत असतात.

आणि हा धूर कुठे घोळवला जातो? जीभ, टाळू, गाल, घसा. लाळेत मिसळलेला अंश अन्ननलिकेत उतरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. त्यात नोंदवले आहे, की रोज एक-दोनच सिगार ओढणाऱ्यांनाही तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. संख्या वाढली, की धोका आणखी चढतो. धूर छातीत घेतला, तर फुप्फुस आणि हृदयही त्यात ओढले जातात. ज्याने पूर्वी सिगारेट ओढलेली असते, त्याच्याकडून तो सवयीने छातीत घेतला जाण्याची शक्यता जास्त, हे आमच्या गुरुजींसारख्यांनी ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एखाद्या लग्नात एकदाच सिगार ओढलेला माणूस आणि रोज ओढणारा माणूस यांचा धोका सारखा नसतो. पण अमुक इतकी ओढली तर चालते, अशी सुरक्षित मर्यादा कोणालाही आखून देता आलेली नाही.

इतिहासातील दोन रोगी

अमेरिकेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांनी १८६२ मध्ये डोनेल्सनचा किल्ला जिंकला. त्यांच्या हातात सिगार असते, असे वर्तमानपत्रांत छापून आले आणि लोकांनी कौतुकाने त्यांच्याकडे सिगारचे डबेच्या डबे पाठवले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. १८८४ मध्ये घसा दुखू लागला, कर्करोग निघाला. कुटुंबावर कर्ज होते, म्हणून घास गिळता येत नसतानाही ते आत्मचरित्र लिहीत राहिले. ते पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, जुलै १८८५ मध्ये, ते वारले.

दुसरे उदाहरण मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड यांचे. ते स्वतः डॉक्टर होते. दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. त्यानंतर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूचा भाग काढल्यामुळे तोंड आणि नाक यांच्यामध्ये कृत्रिम पडदा बसवावा लागला. बोलणे आणि जेवणे दोन्ही कठीण झाले, तरी सिगार सुटली नाही. १९३९ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. दुसऱ्यांच्या मनाचा तळ शोधणाऱ्या माणसालाही हे व्यसन आवरले नाही. तेव्हा ‘वाटेल तेव्हा सोडीन’ असे म्हणताना आपण जपून बोलावे.

आपल्या देशातही आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर काही बायका चुट्टा म्हणजे गावठी सिगार पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांच्यात टाळूचा कर्करोग आढळतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून नोंदवले आहे.

आता तोंडाची परीक्षा

सिगारची परीक्षा शिकायला वर्षे लागतात, तोंडाची परीक्षा पाच मिनिटांत होते. तंबाखू कोणत्याही रूपात घेणाऱ्याने, म्हणजे सिगार, बिडी, गुटखा, खैनी, मिसरी, काहीही असो, महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहावे. चूळ भरून, कवळी असल्यास काढून, ओठ आतून पाहावेत. दोन्ही गाल बोटाने ओढून पाहावेत. जीभ वर, बाहेर आणि दोन्ही बाजूंना वळवून कडा पाहाव्यात. मान मागे करून टाळू पाहावा. शेवटी मानेवर बोटे फिरवून गाठ लागते का ते बघावे.

पुढीलपैकी काहीही आढळले तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना लगेच दाखवावे :

• दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, मग तो दुखत नसला तरी
• पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
• तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे
• गिळताना अडथळा, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा
• मानेतील गाठ, कारण नसताना हलू लागलेला दात

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ ही समजूत सर्वांत घातक. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि बरा होण्याची संधीही त्याच वेळी सर्वाधिक असते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. पण तेथे पोहोचण्याआधीची तपासणी आपल्या गावात, आपल्या आरशात सुरू व्हायला हवी. सोडण्यासाठी मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सोडताना चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे असे होते, ते काही आठवड्यांत ओसरते.

राहता राहिले गुरुजी. त्या दिवशी मी त्यांना तोंड उघडायला सांगितले. टाळू राखट पांढरा झाला होता आणि त्यावर बारीक लाल ठिपके दिसत होते. गरम धुराने टाळूवर होणारा हा बदल आहे. आरसा हातात देऊन मी त्यांना तो दाखवला. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, ‘‘मी वर्षभर हिची चव पारखत होतो, आणि ही मला पारखत होती.’’

दंतवैद्यांकडून खात्री करून घेतली, धोक्याचे काही निघाले नाही. गुरुजींनी सिगार बंद केली. दोन महिन्यांनी तपासले, तेव्हा टाळू पुन्हा गुलाबी दिसू लागला होता. तंबाखूने जिभेची आणि नाकाची जाण बोथट होते, ती सोडल्यावर हळूहळू परत येते. गुरुजींच्या पत्नी सांगत होत्या, की हल्ली ते आमटीत मीठ जास्त झाले म्हणून तक्रार करतात. पूर्वी वरून मीठ मागत असत. मुलाला त्यांनी कळवले आहे, की पुढच्या खेपेस खजूर आण.