शेताखालचा वायू
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जमिनीखाली खूप खोलवर शेल खडक आहे. शेल म्हणजे चिखल दाबला जाऊन बनलेला खडक. त्यात नैसर्गिक वायू अडकून राहतो. २००४ साली वॉशिंग्टन जिल्ह्यातील एका विहिरीत पाणी व वाळू जोराने सोडून या खडकाला भेगा पाडल्या. वायू वर आला!

पुढे जवळपास अशी विहीर चांगली लागली, की शेजारचे शेतकरी हरखून जात. आपल्याकडे असा वायू सरकारचा. तिथे तो जमीनमालकाचा असू शकतो. कंपनीशी करार झाला, तर कायद्याने त्याला किमान आठवा हिस्सा मिळतो. पण आजोबांनी खनिजाचा हक्क पूर्वीच विकला असेल, तर विहीर नातवाच्या शेतात आणि पैसा दुसऱ्याच्या घरात! म्हणून आधी जुनी खरेदीखते शोधावी लागतात.